घरच्या कोठीचा दरवाजा

आईनं वडिलांना माहेराहून लिहिलेली ११२ पत्रं मी स्कॅन करायला मागितली, तेव्हा तिनं एकच अट घातली : "घरातल्यांनी वाचा, पण घराबाहेर जायला नकोत." अट सोपी वाटली. ती पाळायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे मला पुढच्या दोन वर्षांत कळलं.

पत्रांबरोबर आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या आणि आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. घरातली माणसं चार गावांत आणि एक कुटुंब परदेशात. हा ऐवज एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणकावर ठेवणं सहज शक्य होतं. पण मग 'घराबाहेर' या शब्दाला अर्थ उरला नसता. म्हणून भाच्यानं टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्सचा डेबियन हा प्रकार बसवला आणि त्यावर नेक्स्टक्लाउड. फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरनं २०१० साली ओनक्लाउड नावाचा प्रकल्प सुरू केला; २०१६मध्ये तो आणि त्याचे काही सहकारी तिथून बाहेर पडले आणि त्याच मुक्त संहितेवर त्यांनी नेक्स्टक्लाउड उभारलं. फायली आपल्याच यंत्रावर राहतात, नातेवाईक ब्राउझरमधून किंवा फोनवरून त्या पाहतात.

बाहेरून आलेली मागणी थेट फायलीपर्यंत पोचत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा, मग ओसरी, मग माजघर आणि सर्वांत आत कोठी असे. इथंही तसंच आहे. दिंडीवर वेब सर्व्हर उभा असतो. तो मागणी ऐकून ती पीएचपी या भाषेचा कार्यक्रम चालवणाऱ्या यंत्रणेकडे देतो. ती नेक्स्टक्लाउडला जागं करते. नेक्स्टक्लाउड माणूस ओळखीचा आहे का ते पाहतं आणि शेवटी डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेला हात घालतं. प्रत्येक उंबरठ्यावर नियम वेगळे, आणि प्रत्येकाची रोजनिशीही वेगळी. बिघाड झाला की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नसतोच. मागणी कोणत्या उंबरठ्यावर अडली, हे आधी शोधायचं असतं.

सुरुवातीला दिंडीवर अपाचे होता. १९९५पासूनचा हा जुनाजाणता वेब सर्व्हर. वर्षभर काही तक्रार नव्हती. मग मी कुठंतरी वाचलं, की एन्जिनएक्स कमी मेमरीत चालतो. इगोर सिसोएव या रशियन अभियंत्यानं २००४मध्ये तो खुला केला, एकाच वेळी हजारो ग्राहक सांभाळता यावेत म्हणून. आमच्या कोठीत एका वेळी फार तर तिघं येतात. तरीही मी बदल केला. हौस, दुसरं काय.

त्याच संध्याकाळी काकूचा फोन आला. वह्यांची छोटी पानं चढत होती, फोटो मात्र नाही. ब्राउझरवर आकडा दिसत होता ४१३. वेबवरच्या या तीन आकडी खुणांत ४ने सुरू होणारी खूण म्हणजे 'तुमची मागणी मान्य नाही', आणि ५ने सुरू होणारी म्हणजे 'आमच्याकडे गडबड आहे'. ४१३ म्हणजे ऐवज फार मोठा.

मी सल्ले शोधले. बहुतेकांत पीएचपीच्या दोन मर्यादा वाढवायला सांगितलं होतं : एका फाइलसाठी २ एमबी, एका फॉर्मसाठी ८ एमबी. वाढवल्या. टर्मिनलमध्ये विचारलं तर नवा आकडा दिसे, वेबवर मात्र जुनाच. अर्धा रविवार गेल्यावर उमगलं, की डेबियनवर पीएचपीच्या मांडणीच्या फायली दोन असतात : एक टर्मिनलसाठी, एक वेबसाठी. मी पहिली बदलत होते आणि परिणाम दुसरीचा पाहत होते. दुसरीही बदलली. ४१३ तिथंच.

मुळात तो मार्गच चुकीचा होता. त्या मर्यादा फॉर्ममधून येणाऱ्या फायलींच्या. नेक्स्टक्लाउडचा ब्राउझर फाइल वेगळ्या रीतीनं पाठवतो. शेवटी एन्जिनएक्सची चुकांची रोजनिशी उघडली. तिच्यात प्रत्येक नकाराची ओळ होती : ग्राहक फार मोठा ऐवज पाठवू पाहत होता, इतके इतके बाइट. म्हणजे मागणी माजघरापर्यंत गेलीच नव्हती, दिंडीवरच परत फिरत होती. एन्जिनएक्सला काही सांगितलं नाही, तर तो १ एमबीपेक्षा मोठा ऐवज आत घेत नाही. एका ओळीत ती मर्यादा ५१२ एमबी केली, मांडणी तपासण्याची आज्ञा दिली (ती द्यावीच; विसरलेला अर्धविराम ती पकडते), सर्व्हरला मांडणी पुन्हा वाचायला लावली आणि काकूचे फोटो चढले. रोजनिशी आधी वाचली असती, तर काम पाच मिनिटांचं होतं.

नंतर डेबियन ११ची १२ केली, तेव्हा सगळ्यांना ५०२ दिसू लागलं. या वेळी शहाणपण आलं होतं. रोजनिशीत लिहिलं होतं, की ७.४ आवृत्तीच्या नावाचा सॉकेट सापडत नाही. डेबियन १२बरोबर पीएचपी ८.२ आली होती, जुनी मी काढून टाकली होती आणि एन्जिनएक्स जुन्याच दारावर थापा मारत होता. आकडा बदलला, संपलं.

आता मुख्य गोष्ट. नेक्स्टक्लाउडच्या प्रशासकाच्या पानावर इशाऱ्यांची यादी असते. एन्जिनएक्स आल्यापासून तिच्यात एक इशारा वाढला होता : तुमच्या फायलींचं दालन बहुधा इंटरनेटवरून उघडं आहे. बाकीचे इशारे किरकोळ होते, म्हणून हाही मी नजरेआड केला. अकराव्या दिवशी सहज फोनचं वायफाय बंद करून, नेक्स्टक्लाउडमध्ये न शिरता, एका पत्राच्या फाइलचा थेट पत्ता टाइप केला. आईचं अक्षर समोर आलं. पासवर्ड कुणी विचारला नाही.

कारण साधं आहे. माझं दालन वेब सर्व्हरच्याच फोल्डरात होतं. तिथं नेक्स्टक्लाउड एक छोटी लपलेली फाइल ठेवतं : एचटीअ‍ॅक्सेस. 'इथून कुणाला काही देऊ नका' एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. पण ही चिठ्ठी फक्त अपाचेसाठी असते आणि त्यालाही ती वाचण्याची परवानगी द्यावी लागते. एन्जिनएक्स तसली चिठ्ठी वाचतच नाही. त्याला जे सांगायचं ते त्याच्या स्वतःच्या मांडणीतच लिहावं लागतं. नेक्स्टक्लाउडच्या नमुना मांडणीत तो नियम आहे. पण ती लांबलचक वाटली म्हणून मी निम्मीच उतरवून घेतली होती. पहारेकरी बदलला आणि जुन्याला दिलेली ताकीद नव्याला कुणी सांगितली नाही.

नियम घातला, दालनाकडे जाणाऱ्या मागणीला आता ४०४ मिळतं. दालन वेबच्या फोल्डराबाहेर ठेवणं याहून बरं, पण ते पहिल्या मांडणीच्या वेळीच करायला हवं. नंतर हलवताना बरंच काही तुटतं. आणि कुणी परवानगीची अडचण आली म्हणून सगळ्या फायली ७७७ करायला सांगितलं, तर ऐकू नका. फायली सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या मालकीच्या करणं एवढंच पुरतं.

उरला प्रश्न अकरा दिवसांचा. डेबियनवर एन्जिनएक्सच्या रोजनिशीचं पान रोज बदलतं आणि चौदा दिवसांची पानं राहतात. तीन दिवस उशीर झाला असता तर सुरुवातीची पानं गेली असती. ती सगळी उलगडून दालनाच्या पत्त्याच्या मागण्या शोधल्या. फायलींची नावं ठाऊक नसतील तर पत्रं सापडणं कठीण. पण नेक्स्टक्लाउडची स्वतःची रोजनिशीही त्याच दालनात ठरावीक नावानं असते, आणि तिच्यात वापरकर्त्यांची व फायलींची नावं येऊ शकतात. कुणी ती नेली असती, तर पुढचं सोपं होतं. अनोळखी यंत्रं रोज शेकड्यांनी दार वाजवून गेली होती, बहुतेक वर्डप्रेसचं लॉगिन शोधत. दालनातून २०० या खुणेनं, म्हणजे 'दिलं' म्हणून, गेलेली मागणी एकच होती : माझ्या फोनची.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता लागलं ना कुलूप?"

शेवटची अडचण मराठीची. कोजागिरीला आत्याच्या ओव्यांची चित्रफीत काढली आणि भाचीनं आपल्या विंडोज लॅपटॉपवर तिला नाव दिलं : 'आत्यानं कोजागिरीच्या रात्री मागच्या अंगणात म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या माहेरच्या आणि सासरच्या सोबत काकूचा आवाज'. चित्रफीत काही केल्या चढेना. एन्जिनएक्सच्या रोजनिशीत कारण नव्हतं. ते नेक्स्टक्लाउडच्या रोजनिशीत सापडलं : फाइलचं नाव फार लांब.

लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. अक्षरांची नव्हे, बाइटची. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही वेगवेगळा मोजला जातो. 'ओव्या' हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द यंत्राला पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटचा. अशा हिशेबानं मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हांची जागा मिळते. भाचीच्या नावात ९९ चिन्हं; मोकळ्या जागा आणि शेपटीचा एमपी४ धरून ३१४ बाइट. विंडोजची मोजणी निराळी आहे, तिथं देवनागरीचं चिन्हही एकच धरतात. म्हणून तिच्या लॅपटॉपवर ते नाव खपलं.

फाइलचं नाव आता 'आत्या ओव्या कोजागिरी' आहे, ६० बाइट. भाचीनं दिलेलं पूर्ण नाव शेजारच्या मजकुराच्या फायलीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवलं आहे, आणि त्याखाली कोणती ओवी माहेरची नि कोणती सासरची ते आत्या फोनवरून सांगते आहे, तसतसं काकू टाइप करते आहे.