गाडीचा ब्लोअर बिघडला : घरीच उघडायचा की गॅरेज गाठायचं?

मे महिन्याची सुट्टी असो, ईदनंतरचा आठवडा असो की मुरूडकडचं लग्न, अलिबाग-मुरूड रस्त्यावर आपल्या कुटुंबांच्या गाड्यांची रांग असते. वाटेत काशीद आलं की मुलं उतरायचा हट्ट धरतात. सुरूच्या झाडांखाली सावली बघून गाडी उभी राहते आणि दोन-तीन तास तिथेच असते. परत निघताना एसी लावला की कधी कधी घोटाळा कळतो. बटण फिरवलं तरी वारा येत नाही, किंवा आतून खडखड ऐकू येते. मागच्या सीटवर दमेकरी आजोबा आणि तान्हं बाळ, बाहेर दमट उकाडा. मुरूड इथून सुमारे २० किलोमीटर, अलिबाग सुमारे ३०.

अशा वेळी दोन टोकाचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो, "अरे, यूट्यूब बघ, दहा मिनिटांचं काम आहे." दुसरा म्हणतो, "हात लावू नकोस, डॅशबोर्ड खोलावा लागतो, मेकॅनिककडेच ने." दोघेही अर्धे बरोबर असतात. कोणत्या बिघाडाला स्वतः हात घालायचा आणि कोणत्या बिघाडाला पैसे मोजायचे, ते आपण इथे नीट समजून घेऊ.

ब्लोअर म्हणजे काय?

एसीची थंडाई आणि ब्लोअरचा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडाई कॉम्प्रेसर आणि गॅसमुळे तयार होते. ती आपल्यापर्यंत पोचवतो तो ब्लोअर, म्हणजे १२ व्होल्टची एक मोटर आणि तिच्यावर बसवलेला गोल पंखा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डावीकडच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे किंवा खाली असतो.

म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे. वारा जोरात येतोय पण गरम येतोय, तर दोष ब्लोअरचा नाही. तो गॅसचा, कॉम्प्रेसरचा किंवा त्या बाजूच्या यंत्रणेचा असतो. तिथे घरी काहीही करू नये. एसीचा गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी आणि डोळ्यांना इजा होते. ते काम फक्त एसीवाल्याचं.

वारा कमी-जास्त करणारं जे बटण असतं, त्याच्यामागे साध्या गाड्यांत रेझिस्टर नावाचा छोटा भाग असतो. १ नंबरवर वीज त्याच्या जास्त तारांतून जाते, म्हणून पंखा हळू फिरतो. ४ नंबरवर वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं निदान घरीच होतं.

लक्षणांवरून ओळखा

१, २, ३ नंबरवर वारा नाही, फक्त ४ वर येतो : बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो. मोटर ठीक असण्याची शक्यता मोठी.

सगळ्या नंबरांवर मोटरचा आवाज येतो पण वारा कमी : केबिन फिल्टर चॉक झालेला असतो.

टिकटिक किंवा खडखड : पंख्यात पान, काडी किंवा कागद अडकलेला असतो. कर्कश घरघर असेल तर मोटरचं बेअरिंग किंवा बुश झिजलेला.

कुठल्याच नंबरवर काही नाही : फ्यूज, रिले, बटण, जोडणी किंवा मोटर, यांपैकी काहीही.

कप्प्याखाली हळूच थाप मारली की चालू, पुन्हा बंद : मोटरचे कार्बन ब्रश संपत आले आहेत.

जळका वास : ताबडतोब बंद करा. पुढे प्रयोग नको.

किनाऱ्यावर हा त्रास जास्त का?

वायपरच्या खाली, बॉनेट आणि काचेच्या मधे एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत जाते. काशीदसारख्या ठिकाणी सुरूच्या बारीक काड्या, वाळू आणि धूळ त्या जाळीत साचते, पुढे फिल्टरमध्ये आणि फिल्टर नसेल तर थेट पंख्यात जाते. खारी हवा जोडणीच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढवते. मग तिथे वीज नीट जात नाही, जोडणी तापते आणि प्लास्टिक वितळतं.

आणखी एक कारण आपल्या कोकणी घरांत नेहमी दिसतं. घरचा कर्ता दुबई, कुवेत किंवा सौदीला, गाडी अंगणात ताडपत्रीखाली सहा-आठ महिने उभी. उंदीर त्या जाळीतून शिरतात, फिल्टर कुरतडतात, पंख्याच्या घरट्यात गवत-चिंध्या भरतात. सुट्टीवर आल्याबरोबर ब्लोअर ४ नंबरवर सुरू करण्याआधी फिल्टर काढून आत टॉर्च मारून बघावं. अडकलेली मोटर जास्त वीज ओढते आणि फ्यूज किंवा वायर जाळते.

घरी करता येईल असं काम

सगळ्यात आधी जाळीतला कचरा हाताने काढा. मग केबिन फिल्टर. तो बऱ्याच गाड्यांत कप्पा काढला की समोर दिसतो, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, नवा त्याच दिशेने बसवायचा.

दुसरं काम फ्यूजचं. गाडीच्या पुस्तिकेत ब्लोअरचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं. तो साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावायचा. मोठा लावला, वायर किंवा चांदी गुंडाळून काम चालवलं, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर पेटेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा, बिघाड पुढे कुठेतरी आहे.

तिसरं काम रेझिस्टर बदलण्याचं. पुष्कळ गाड्यांत तो दोन स्क्रूंवर असतो. पद्धत अशी : चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि दहा मिनिटं थांबा. डॅशबोर्डच्या त्या बाजूला एअरबॅग असते, तिच्या पिवळ्या जोडणीला हात लावायचा नाही. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या, स्क्रू वाटीत ठेवा. जोडणीची कळ दाबून ती सोडवा, वायर ओढू नका. नुकताच चालवलेला रेझिस्टर खूप तापलेला असतो, जरा दम धरा. नवा भाग आपल्याच मॉडेलचा आणि वर्षाचा आहे का, हे जुना समोर ठेवून ताडून बघा.

इथे एक गोष्ट बरेच लोक विसरतात. रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याच वाऱ्याने तो गार राहतो. फिल्टर चॉक असेल किंवा मोटर जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही काही दिवसांत जळतो. म्हणून रेझिस्टर बदलताना पंखा बोटाने फिरवून बघा. तो सहज, आवाज न करता फिरला पाहिजे.

इथे मेकॅनिकच हवा

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः खोलू नका, कंपनीच्या सेंटरला न्या. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीत साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं, तिथे अंदाजाने वायर जोडली तर मोठं नुकसान होतं. जोडणी वितळलेली असेल, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, पावसाचं पाणी आत शिरलं असेल किंवा मोटर काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा कार एसीवाला गाठा.

खर्चाचा अंदाज असा धरा. फ्यूज काही रुपयांचा, फिल्टर आणि रेझिस्टर सहसा शेकड्यांत, मोटर हजारांत. म्हणून "पूर्ण ब्लोअर बदलावा लागेल" असं ऐकलं तर शांतपणे विचारा : मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघितलं का? ती फिरत असेल तर ती बदलायची कशाला? चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, समोर करून दाखवतो. मजुरी आधी ठरवा, जुना भाग परत मागा आणि बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्या समाजातली कितीतरी घरं गॅरेजच्या कमाईवर चालतात. काम दहा मिनिटांत झालं म्हणून मजुरी कापणं बरं नाही. ती दहा मिनिटं शिकायला त्याने वर्षं घातलेली असतात. मजुरी अडवून न ठेवण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते, ती गॅरेजच्या दारातही लागू आहे. आणि ग्राहकाच्या गाडीत चांगला भाग असताना तो बदलायला लावणं, ही मेकॅनिकच्या बाजूने अमानतीत खयानत आहे. गाडी सोडून जाणारा माणूस विश्वासावरच सोडून जातो.

पावसाआधी बघून घ्या

उन्हाळ्यात ब्लोअर नसला तर घाम येतो, पावसात नसला तर जीव धोक्यात येतो. कोकणातल्या पावसात पाच माणसांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकट होते. एसी हवेतला दमटपणा काढतो आणि ब्लोअर ती कोरडी हवा काचेवर फेकतो. ब्लोअर बंद असेल तर रात्री रेवदंड्याच्या पुलावर किंवा काशीदच्या वळणांवर समोरचा दिवा पसरट डाग होऊन दिसतो.

वाटेत असं झालं तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं उघडा, आतली हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, कोरड्या फडक्याने काच पुसायला शेजारच्याला सांगा. तरी दिसत नसेल तर रस्त्यापासून बाजूला, पार्किंगचे दिवे लावून थांबा. उशीर झाला तर झाला.

जूनच्या पहिल्या सरीआधी एका सकाळी एवढं करा : जाळी साफ, फिल्टर बघितला, चारही नंबर चालवून बघितले, वारा काचेवर येतो का ते तपासलं. घरातल्या मुलामुलींना सोबत घ्या. ज्याला यात गोडी वाटेल, त्याला शासकीय आयटीआयमधला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे हेही सांगून ठेवा.