दामदुपटीचा मोह

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सावकारास एक मर्यादा घालून दिली होती. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलाहून अधिक होतां कामा नये. मनुस्मृतींत आलेला हा दामदुपटीचा नियम पुढें मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि मानला. रुपयाचे दोन होण्यास वर्षें लागत, आणि दोनांपाशीं हांव थांबवावी लागे. ता. १५ जुलै २०२० रोजीं ट्विटर या समाजमाध्यमावर जी दामदुप्पट जाहीर झाली, तिला मात्र अर्धा तासच पुरणार होता!

त्या दिवशीं बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स आदि प्रसिद्ध पुरुषांच्या खात्यांवरून एकाच धर्तीचा मजकूर प्रकट झाला: हजार डॉलरांचें बिटकॉइन पाठवा, दोन हजारांचें परत मिळेल. या गृहस्थांना त्याची वार्ताहि नव्हती. भामट्यांनीं ट्विटरच्याच नोकरांना दूरध्वनि केला, आपण कचेरींतील तांत्रिक मदतनीस असल्याची बतावणी केली, व आंत शिरण्याच्या किल्ल्या हस्तगत केल्या. कांहीं तासांतच एक लाखाहून अधिक डॉलर त्यांच्या पदरीं पडले.

बिटकॉइन ही संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेल्या सामाईक खतावणींतील नोंद होय. तेथें रक्कम एकदां दुसऱ्याच्या खातीं पडली, कीं ती परत फिरविणारा अधिकारीच नसतो. भामट्यांना हें चलन प्रिय कां, तें यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

गुन्हेगार सांपडले. त्यांचा म्होरक्या म्हणून ज्याला धरलें, तो फ्लोरिडांतील अवघा सतरा वर्षांचा मुलगा होता! मार्च २०२१ मध्यें त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. एक ब्रिटिश साथीदार स्पेनमध्यें पकडला गेला. त्याला या व अन्य गुन्ह्यांबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयानें जून २०२३ मध्यें पांच वर्षांची कैद ठोठावली.

असा अनुभव आपल्या पुण्यासहि आहे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेनें दरमहा दहा टक्के याप्रमाणें अठरा महिने परतावा देऊं केला होता. म्हणजे शंभराचे एकशें ऐंशी. इतकें त्रैराशिक शाळेंतील मुलगाहि मांडील. पण हे ऐंशी येणार कोठून, हें अनेकांनीं विचारलें नाहीं. एप्रिल २०१८ मध्यें पुणें पोलिसांनीं सूत्रधार असल्याच्या आरोपावरून अमित भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्यें तो वारला. मार्च २०२२ मध्यें तर तपासांत पोलिसांस साह्य करणाऱ्या दोघां तज्ज्ञांनाच तें चलन लांबविल्याच्या आरोपावरून अटक झाली! डिसेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हीं प्रकरणें केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविलीं.

फसवून मालमत्ता उपटणारास भारतीय न्याय संहितेनें सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. दंड कडक असावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. कौटिल्यानेंहि अशा लोकांस कंटक समजून त्यांच्या शोधनासाठीं एक संबंध अधिकरण खर्चीं घातलें आहे. परंतु पैसा आधीं जातो, दंड मागाहून येतो. मधला काळ कुटुंबाच्या हातीं असतो, आणि तेथें आम्ही स्वतःच चुकलों, हें सांगण्यासाठींच हा लेख.

गेल्या ज्येष्ठांत घर शाकारावयाचें होतें. पुतण्याकडे त्याचा वांटा मागितला, तेव्हां तो मान खालीं घालून उभा राहिला. मोबाइलवर आलेल्या अशाच एका आमिषाला भुलून त्यानें ऐंशी हजार रुपये कोणा अपरिचिताच्या बँकखात्यांत भरले होते. त्या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. पोलिसांनीं तक्रार लिहून घेतली; पण तोंवर त्या खात्यांत कांहीं उरलें नव्हतें.

“त्याच दिवशीं कां बोलला नाहींस?” आम्ही विचारलें.

“अण्णा, शेजारचे काका फसले तेव्हां तुम्ही जेवतांना केवढे हंसलां होतां!”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांना शिकविलें, “चुकलास तर सांग, लपवूं नकोस” असें शेंकडों वेळां बजावलें. आणि घरच्या पंगतींत मात्र चूक सांगणाऱ्याचें तोंड आम्हीच बंद केलें. भामट्याला जे अकरा दिवस हवे होते, ते आमच्या थट्टेनें त्याला मिळवून दिले.

रुपये एका बँकेंतून दुसऱ्या बँकेंत जात असतां ते मध्येंच गोठविण्याची सोय सरकारनें केली आहे. त्यासाठीं १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें. जितकें लौकर कळवावें, तितकी आशा अधिक. आमच्या माजघरांत दिनदर्शिकेशेजारीं आतां तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. त्याखालीं पुतण्याच्याच हस्ताक्षरांत एक ओळ आहे: “आधीं सांगा, मग रागवूं.” ‘हंसूं’ हा शब्द त्यानें मुद्दाम गाळला, कीं अनवधानानें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.