सव्वातीन मिनिटं, ३७.८ अंश

कृष्णधवल रोल घरी धुवावा आणि रंगीत मात्र लॅबमध्येच द्यावा, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माझे रंगीत रोल घरच्या न्हाणीघरात धुते. माझं मत नेमकं उलटं आहे: आपल्या हवेत रंगीत रोलच सोपा.

कारण तापमान. कृष्णधवल डेव्हलपरच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअस धरून दिलेल्या असतात. मार्च उजाडला की आमच्याकडे पाणी २० अंशांवर आणायला बर्फ लागतो, आणि आणलं तरी ते तिथे टिकत नाही. रंगीत निगेटिव्हची सी-४१ ही पद्धत कोडॅकने १९७२ साली आणली. तिच्यात डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो आणि वेळ फक्त सव्वातीन मिनिटं. थंड देशातल्या घरात एवढं तापवलेलं द्रावण भराभर निवतं. इथे उन्हाळ्यात खोलीच पस्तिशीच्या आसपास असते. बाटल्या आणि फिल्म धुण्याची टाकी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या की पारा जागचा हलत नाही. दुपारी मात्र गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हवं त्याहून जास्त तापतं, म्हणून मी हे काम सकाळी उरकते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? रंगीत फिल्म म्हणजे एकावर एक दिलेले तीन प्रमुख थर. वरचा निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा, खालचा लाल. डेव्हलपर आधी वरच्या थरात मुरतो, खालच्यापर्यंत पोचायला त्याला जरा वेळ लागतो. सव्वातीन मिनिटांचं गणित हे तिन्ही थर एकमेकांशी जुळावेत असं बसवलेलं आहे. तापमान घसरलं तर सगळं चित्र सारखं फिकं होत नाही, प्रत्येक थर आपापल्या प्रमाणात मागे राहतो. मग सावलीवर एका रंगाची झाक येते आणि उजेडाच्या भागावर दुसऱ्या. असा दोष पुढे कॉम्प्युटरवरही धड निघत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच तर चांगल्या थर्मामीटरवर करावेत. टाकी जुनी चालेल.

रंग कसा येतो, हा भाग मला वर्गात शिकवायला मिळाला असता तर फार आवडलं असतं. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षाराचं डेव्हलपर चांदीत रूपांतर करतो. ते करताना त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं, आणि हा ऑक्सिडीकृत डेव्हलपर थरातच पेरून ठेवलेल्या ‘कपलर’ नावाच्या संयुगाला जोडला जाऊन तिथल्या तिथे रंगद्रव्य तयार होतं: वरच्या थरात पिवळं, मधल्यात मॅजेंटा, खालच्यात सायन. पुढच्या द्रावणांत सगळी चांदी काढून टाकली जाते. हातात राहते ती निव्वळ रंगांची निगेटिव्ह, तिच्यात चांदीचा कणही उरत नाही.

ही कल्पना जर्मनीतल्या रुडॉल्फ फिशरने पहिल्या महायुद्धाच्या आधीच मांडली होती. अडचण अशी की कपलर एका थरातून दुसऱ्यात पसरत. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन अमेरिकी संगीतकारांनी त्यावर तोड काढली, ती कपलर फिल्ममध्ये न ठेवता डेव्हलपरमध्येच घालायची. १९३५ साली आलेली कोडाक्रोम ती हीच. रंग अप्रतिम, पण प्रत्येक थराला वेगळा डेव्हलपर लागे, त्यामुळे ती घरी धुणं जवळपास अशक्य होतं. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी टिपलेला भारत आपण पाहिला तो या फिल्मवर. कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस कोडाक्रोम घेणं थांबवलं, आणि उरलेले रोल कायमचे बिनरंगाचे झाले. उलट १९३६ मध्ये आग्फा कंपनीने कपलरच्या रेणूला लांब शेपूट जोडून त्याला थरातच जखडून ठेवलं. तेव्हापासून एकाच डेव्हलपरमध्ये तिन्ही रंग उमटू लागले. आज न्हाणीघरात रोल धुता येतो तो या शेपटीच्या वंशावळीमुळे.

प्रत्यक्ष काम थोडं आहे. संपूर्ण अंधारात, किंवा बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून, फिल्म रिळावर चढवायची आणि टाकीचं झाकण लावायचं. त्यानंतर दिवा लावला तरी चालतो. ३८ अंशांच्या पाण्याने टाकी आतून ऊबदार करून घ्यायची, मग डेव्हलपर ओतायचा आणि रसायनांच्या किटसोबतच्या पत्रकात दिल्याप्रमाणे टाकी उलटसुलट करत राहायची. नंतर ब्लिक्स, म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र. त्याला वेळ आणि तापमानाची बरीच सूट असते. पण त्याचा थेंबही डेव्हलपरच्या बाटलीत जाता कामा नये, डेव्हलपर वाया जातो. डेव्हलपरला हवाही सोसत नाही, म्हणून बाटली काठोकाठ भरून ठेवावी. रंग गडद तपकिरी झाला की तो वापरू नये.

हातमोजे घालाच. रंगीत डेव्हलपरने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती पुढेही त्रास देते. मोजपात्रं वेगळी ठेवावीत, ती स्वयंपाकघरात परत जाऊ नयेत.

नळ सोडून फिल्म धुवत राहणं मला पटत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. टाकी कोमट पाण्याने भरायची, हलवायची, ओतायची, असं सहा-सात वेळा केलं की थोडक्या पाण्यात काम होतं. आमचं पाणी जड, वाळताना फिल्मवर क्षारांचे पांढरे ठिपके सोडणारं. त्यामुळे शेवटचं द्रावण, म्हणजे स्टॅबिलायझर, मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात बनवते. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. ओली फिल्म नारिंगी आणि दुधाळ दिसते, त्याने घाबरू नये. नारिंगी छटा मुद्दाम ठेवलेली असते, मॅजेंटा आणि सायन रंगद्रव्यांतली अशुद्धता भरून काढायला. दुधाळपणा वाळल्यावर जातो.

वापरलेल्या ब्लिक्समध्ये फिल्ममधली सगळी चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये, वर ठळक नाव लिहून साठवते. एक्स-रेच्या फिक्सरमधून चांदी काढणारे व्यावसायिक अजून आहेत. कॅन भरला की त्यांना विचारावं, आणि ब्लिक्स आहे हे आधीच सांगावं, कारण त्यातून चांदी काढणं साध्या फिक्सरपेक्षा किचकट असतं.