दक्षिण मध्य रेल्वे : बदलत्या सीमांचा इतिहास

भारतीय रेल्वेचे आजचे प्रशासकीय स्वरूप १९५१-५२ मधील पुनर्रचनेतून आकारास आले. जुन्या कंपन्यांचे आणि संस्थानांचे मार्ग एकत्र करून सहा क्षेत्रीय रेल्वे, म्हणजे बोलीभाषेतील झोन, निर्माण करण्यात आल्या. क्षेत्रीय रेल्वेचा प्रमुख महाव्यवस्थापक असतो. तिच्या अंतर्गत विभाग येतात आणि गाड्या चालविण्याची प्रत्यक्ष जबाबदारी विभागावर असते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम ३ नुसार क्षेत्रीय रेल्वे, तिचे मुख्यालय आणि अधिकारक्षेत्र अधिसूचनेद्वारे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. कार्यक्षम प्रशासन हा या कलमाचा उद्देश आहे. राज्यांच्या सीमांशी जुळवून घेण्याचे कोणतेही बंधन त्यात नाही. दक्षिण मध्य रेल्वेचा इतिहास समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

२ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद मुख्यालय असलेली ही नववी क्षेत्रीय रेल्वे अस्तित्वात आली. मध्य रेल्वेचे सिकंदराबाद व सोलापूर आणि दक्षिण रेल्वेचे विजयवाडा व हुबळी असे चार विभाग तिला देण्यात आले. हे चार विभाग म्हणजे मुख्यतः तीन वेगळे वारसे होते. सोलापूर हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-रायचूर मार्गावरील भाग. विजयवाडा व हुबळी हे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे. सिकंदराबादचा पाया मात्र निजामाच्या संस्थानी रेल्वेचा होता. तिचा वाडी-सिकंदराबाद मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि १९०० च्या सुमारास मीटरगेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत पोहोचला.

ही जुळणी फार काळ टिकली नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी, म्हणजे बरोबर अकरा वर्षांनी, सोलापूर विभाग मध्य रेल्वेकडे परतला आणि दक्षिण रेल्वेचा गुंटकल विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आला. १९७८ मध्ये सिकंदराबाद विभागाचे विभाजन होऊन मुख्यतः मीटरगेज मार्गांचा हैदराबाद विभाग निर्माण झाला. १ एप्रिल २००३ रोजी हुबळी नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेकडे गेला आणि त्याच वेळी गुंटूर व नांदेड हे विभाग स्थापन झाले.

यांपैकी नांदेडचे उदाहरण विशेष बोलके आहे. हैदराबाद विभागातून वेगळा झालेला हा विभाग बहुतांशी महाराष्ट्रात असला तरी त्याचा एक मार्ग मुदखेडहून तेलंगणातील आदिलाबादला जातो. मनमाड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे. त्यामुळे औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईस निघालेली गाडी वाटेत दुसऱ्या क्षेत्रीय रेल्वेच्या हद्दीत शिरते. अशी नवी गाडी सुरू करायची तर सिकंदराबादची तयारी पुरेशी ठरत नाही; मनमाडपुढील वेळापत्रकात जागा आणि मुंबईत फलाट मध्य रेल्वेलाच द्यावा लागतो. मराठवाड्यातील उर्वरित मार्गही एकाच छत्राखाली नाहीत. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर लातूर रोड आणि उदगीर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात आहेत. लातूर व लातूर रोड ही एकाच जिल्ह्यातील स्थानके दोन क्षेत्रीय रेल्वेंत विभागली गेली आहेत! नांदेड विभाग मध्य रेल्वेस जोडावा, ही मराठवाड्यातील जुनी मागणी या अनुभवातून आली आहे. अर्थात, हद्द बदलल्याने अडचण संपतेच असे नाही. एका टोकाचा अदलाबदलीचा बिंदू मिटला, की दुसऱ्या टोकास तो नव्याने उभा राहतो.

२०१४ च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना अधिनियमाने आंध्र प्रदेशात नवी क्षेत्रीय रेल्वे स्थापन करण्याची शक्यता तपासण्यास सांगितले. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विशाखापट्टणम मुख्यालय असलेल्या दक्षिण तटीय रेल्वेची घोषणा झाली. विजयवाडा, गुंटूर आणि गुंटकल हे विभाग तिच्याकडे देण्याचे ठरले. या आराखड्याप्रमाणे दक्षिण मध्य रेल्वेकडे सिकंदराबाद, हैदराबाद आणि नांदेड हे तीनच विभाग उरतात. त्यांचा नकाशा निजामाच्या रेल्वेच्या जुन्या जाळ्याशी बराचसा जुळतो.