यादीतील यादी आणि शून्याची नोंद

महाविद्यालयातील बहुतेक नोंदी याद्यांच्या आत याद्या अशा स्वरूपाच्या असतात. जिल्ह्यात तहसिली, तहसिलीत अर्ज, अर्जात विषय. संगणकावर अशा याद्या हाताळण्याची एक रीत म्हणजे फंक्शनल पद्धत. तिची परंपरा जॉन मॅकार्थी यांच्या १९५८ मधील लिस्प भाषेपर्यंत मागे जाते. जावा भाषेत ती २०१४ साली, आठव्या आवृत्तीत, ‘स्ट्रीम’ या नावाने आली. प्रस्तुत लेखात तिच्या दोन क्रिया पाहू.

बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज तहसीलवार ठेवले आहेत. वारासिवनीच्या यादीत ३ अर्ज, कटंगीच्या यादीत २, आणि लांजीची यादी रिकामी. ‘मॅप’ ही क्रिया प्रत्येक घटकावर एकच काम करते व घटकाच्या जागी त्याचे फल ठेवते. प्रत्येक तहसिलीचे अर्ज मागितले, तर ३ याद्यांची एक यादी मिळते. थर कायम राहतात. ‘फ्लॅटमॅप’ मात्र आतल्या याद्या एकापुढे एक जोडते. ५ अर्जांची एकच सलग ओळ हाती येते. तिच्यावर ‘फिल्टर’ लावून अपूर्ण अर्ज गाळता येतात. मूळ यादी जशीच्या तशी राहते.

येथे दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्याव्यात. पहिली अशी की, सलग ओळीतील अर्ज कोणत्या तहसिलीचा, हे आपोआप कळत नाही. ते हवे असल्यास जोडण्यापूर्वीच आतल्या यादीवर ‘मॅप’ चालवून प्रत्येक अर्जासोबत तहसिलीचे नाव जोडावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रिकामी यादी सलग ओळीत काहीच घालत नाही. लांजी गळून पडते, आणि संगणक चुकीची सूचनाही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. पुढे तहसीलवार गट पाडले तरी दोनच गट निघतात. अहवाल नीटनेटका दिसतो. परंतु जेथून एकही अर्ज आला नाही, तेथे सूचना पोहोचली का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

उपाय सोपा आहे. मोजणी सलग ओळ करण्यापूर्वी करावी. तहसिलींच्या मूळ यादीवर ‘मॅप’ चालवून नाव व अर्जसंख्या मागावी: वारासिवनी ३, कटंगी २, लांजी ०. हा शून्यही माहितीच आहे. म्हणून प्रात्यक्षिकाच्या तासाला नमुना देताना अध्यापकांनी एक यादी मुद्दाम रिकामी ठेवावी, आणि उत्तरात ती कोठे गेली, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे.