पयलां पाणी, तेल मागसून

संपादकांनी ठासणीच्या बंदुकीवर लेख मागितला आणि मी कोकणाआधी लालबाग गाठलं. गिरणगावातल्या कितीतरी घरांचं अर्धं बिऱ्हाड अजून सिंधुदुर्गातच असतं. चाळीतल्या एका निवृत्त गिरणी कामगार काकांच्या भावाकडे गावी परवान्याची बंदूक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची वेगळी नोंद आहे. वानर, रानडुकरं हुसकावायला ती लागते.

काकांनी ट्रंकेतून काढला तो नळी पुसायच्या गजाला लावायचा पितळी बोंडा, गिरणीच्या लेथवर स्वतः कातलेला. बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला आटे, अंगावर चिंधी धरायला गोल खाचा. कापड फाटू नये म्हणून खाचांची धार मारलेली. इतकं नेटकं काम मी फार दिवसांनी पाहिलं.

काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. बार उडाला की निम्म्याहून जास्त ऐवजाचे क्षार होतात. थोडे धुरात जातात, उरलेले नळीला चिकटतात. ते हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. तेलात ते विरघळत नाहीत. "पयलां कढत पाणी, तेल मागसून," काका बजावतात.

त्याच्याही आधी गज आत सोडायचा. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो त्याची खूण असते. खूण बाहेर राहिली तर आत बार आहे. मग नळी दस्त्यापासून सोडवायची, टोपी बसते तो तुकडा काढायचा, ते टोक कढत पाण्याच्या बादलीत धरायचं आणि ओली चिंधी वरखाली करायची. खालच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं, काळं होऊन बाहेर येतं, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. पाणी नितळ आलं की कोरड्या चिंध्या, मग तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी.

नळी अरुंद तितकी लवकर तुंबते. ०.४५१ इंची व्हिटवर्थ रायफलीचा नेम ०.५७७ इंची एनफिल्डपेक्षा सरस होता. तरी ब्रिटिश लष्कराने ती घेतली नाही, त्याला किमतीबरोबर हेही कारण होतं. एनफिल्डच्या काडतुसांवरची चरबीही गोळी काजळीतून सरकावी म्हणूनच. तिच्यावरून १८५७चा भडका उडाला, आणि १५ ऑक्टोबरला मुंबईत सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात तोफेच्या तोंडी दिलं गेलं.

काकांची काळजी निवडणुकीची. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४मध्ये हे दोनदा झालं: लोकसभेला मार्च ते जून, विधानसभेला ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे ऐन भातकापणीत. डुकरं शेतात आणि बंदूक कुलपात. दमट हवेत महिनोन्महिने तिच्यावरून चिंधी फिरत नाही. परत आल्यावर पहिली चिंधी तांबडी निघते. गंजाने नळीत खड्डे पडले की पुढची काजळी त्यांतच बसते, कापड अडकतं, आणि कितीही पाणी ओतलं तरी ती पूर्ण निघत नाही. मग ठिणगी आत राहून पुढची दारू भरतानाच बार उडायची भीती. अशी नळी भरू नकोस, असं काकांनी भावाला सांगून ठेवलंय. भावाचं म्हणणं, मग शेत कोणी राखायचं?