भोंगा जागे करील. पण सांगेल काय?

धरमतरच्या खाडीकाठी मध्यरात्री भोंगा वाजला, तर तेथील रहिवाशाने घराबाहेर धावावे, की दारे-खिडक्या लावून घरातच बसावे? आग लागली असेल, तर बाहेर पडण्यात शहाणपण आहे. विषारी वायू सुटला असेल, तर तेच बाहेर पडणे प्राणावर बेतेल. उधाणाने बांध फुटला असेल, तर उंच जागा गाठली पाहिजे. संकटे तीन, त्यांवरचे उपाय निरनिराळे, आणि भोंगा मात्र एकच! तो माणसाला जागे करतो; काय करावे हे सांगत नाही. भोंग्यामागून मनुष्यवाणी आली पाहिजे आणि ती कुंपणाबाहेरही ऐकू गेली पाहिजे, हे आमचे आजचे म्हणणे आहे.

कोकणात जाणारा जुना मुंबईकर धरमतरला ओळखत असे तो बोटीच्या धक्क्यामुळे. आज त्या खाडीतून कोळशाचे व खनिजाचे बार्ज ये-जा करतात. डोलवीला पोलादाचा कारखाना उभा आहे, अंबा नदीच्या वरच्या अंगाला नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आहे, आणि पलीकडे कुंडलिकेच्या काठी रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत आहे. या उद्योगांनी हजारो चुली पेटवल्या, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु याच अंबेच्या पुराने जुलै 1989 मध्ये जांभूळपाड्यात हाहाकार उडवला. आणि 5 नोव्हेंबर 1990 रोजी नागोठण्याच्या प्रकल्पात वायुगळती होऊन झालेल्या स्फोटाने तीसहून अधिक माणसे गिळली. पाणी आणि वायू, दोन्ही शत्रू या मुलखाच्या ओळखीचे आहेत.

इशारा वेळेवर न पोचण्याची किंमत याच किनाऱ्याने त्याआधीही मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. कित्येक तास मुंबईला या अनर्थाची गंधवार्ताही लागली नाही. जे वाचले त्यांतील अनेकांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.

त्यानंतर विज्ञान किती पुढे गेले! परंतु यंत्र असणे आणि ते वेळेवर वाजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भोपाळमध्ये 2 व 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री जनतेसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. तो पुन्हा वाजू लागला, तोवर वायू वस्तीत पसरला होता. या आघाताने कायदा जागा झाला. 1987 साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन शेजारच्या जनतेला धोक्याची माहिती देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. 1989 च्या नियमांनी कुंपणाच्या आतील आणि बाहेरील आपत्कालीन योजना ठरवून दिल्या. आतील योजनेची रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा, तर बाहेरील योजनेची वर्षातून एकदा व्हावी, असेही सांगितले. तरीसुद्धा 7 मे 2020 रोजी विशाखापट्टणला स्टायरीनची वाफ लोकवस्तीत शिरली, तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही, असे चौकशी समितीस आढळले. कायदा कागदावर होता, भोंगा खांबावर होता. कळ दाबणारा हात मात्र पुढे आला नाही.

हा हात का अडतो? रात्रपाळीचा माणूस वरिष्ठांना विचारू पाहतो, आणि वरिष्ठ खात्री करून घेऊ पाहतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 16 एप्रिल 2007 रोजी सकाळी पहिला गोळीबार झाल्यावर सर्वांना इशारा जाण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. त्यानंतर काही मिनिटांतच दुसऱ्या इमारतीत तीस जण मारले गेले. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, इशारा देण्याचा अधिकार त्या क्षणी कामावर असलेल्या माणसाचा असावा, आणि प्रामाणिकपणे दिलेला इशारा पुढे अनाठायी ठरला, तरी त्याच्या नोकरीस धक्का लागू नये.

दुसरी मागणी भाषेची. एस. टी. स्थानकावरील ध्वनिक्षेपकाची घरघर ऐकून शेजाऱ्याला ‘काय म्हणाले हो?’ असे ज्याने विचारले नाही, असा प्रवासी विरळाच! धोक्याच्या घटकेला असे चालणार नाही. ‘वायू सुटला आहे, घरात थांबा, खिडक्या लावा, तोंडावर ओले फडके धरा,’ अशी चार सोपी मराठी वाक्ये आधी लिहून ठेवावीत आणि ती सावकाश, पुन्हा पुन्हा उच्चारावीत. परप्रांतीय कामगारांसाठी तीच हिंदीतही सांगावीत. संकट टळल्याचे वाक्यही तयार असावे.

तिसरी मागणी तालमीची. नागरी संरक्षणाच्या संकेतानुसार चढउताराचा सूर म्हणजे धोका आणि एकसुरी नाद म्हणजे धोका टळला. 7 मे 2025 च्या देशव्यापी सरावासाठी निघालेल्या यादीत रोहा-धाटाव-नागोठणे हेही नाव होते. पण हा सूर शाळेतल्या पोराला आणि मिठागरावरच्या मजुराला ओळखता येतो काय? ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी भोंगा वाजवून पाहावा. वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालतो की नाही आणि वाऱ्याविरुद्धच्या पाड्यापर्यंत शब्द पोचतो की नाही, हे तेथे उभे राहून ऐकावे. 2023 पासून सरकारने मोबाइलवर थेट इशारा पाठवण्याच्या चाचण्या घेतल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्याच्या हाती मोबाइल नाही, त्याचाही जीव तितकाच मोलाचा आहे.

मुंबईच्या वाचकाने हे खाडीपलीकडचे गाऱ्हाणे समजू नये. त्याच्या मुलीचे महाविद्यालय, त्याची स्वतःची कचेरी, त्याच्या आईला ठेवलेले रुग्णालय, सर्वत्र भिंतीवर एक लाल पेटी आहे. ती वाजली तर काय करायचे, हे त्याने उद्याच विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर धरमतर त्याच्या दारात आले आहे, असे समजावे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, तेव्हा ढोलाच्या आवाजामागून माणूस बोलत असे. तेवढे शहाणपण आमच्या यंत्रांनी त्या दवंडीकडून शिकावे!